चौऱ्याऐंशीवा किलोमीटर

नव्या कंपनीच्या साहेबाने पाणबुड्यांच्या मुकादमासमोर टेबलावर नकाशा पसरला. समुद्राखालची गॅसची पाइपलाइन गेल्याच आठवड्यात विकली गेली होती. पाइप तोच, गॅस तोच, फक्त मालक बदलले. आणि नशीब बघा, मालक नेमके भले निघाले.

साहेबाने जुने कागद अथपासून इतिपर्यंत वाचले होते. अकरा वर्षांपूर्वी पाइपच्या दुरुस्तीला उतरलेला एक पाणबुड्या वर आलाच नव्हता. देहही सापडला नव्हता. त्याच्या बायकोला दरवर्षी त्या जागी न्यायचं, असा शब्द जुन्या कंपनीने दिला होता. साहेब म्हणाला, तो शब्द आम्हीही पाळू. आता आमची मोठी बोट आहे, बाईंना थेट चौऱ्याऐंशीव्या किलोमीटरवर घेऊन जाऊ.

इथेच तर घोडं पेंड खात होतं. जुन्या कंपनीने शब्द दिला मोठा आणि लाँच दिली टीचभर. ती जेमतेम सातव्या किलोमीटरपर्यंत जायची. मुकादम तिथेच इंजिन बंद करायचा आणि सांगायचा, हीच जागा, वहिनी. खालून पाइप तर सलग गेलाय ना, अशी स्वतःची समजूत घालायचा. अपघाताच्या दिवशी लाटा वाढत असताना, अर्ध्या तासाचं तर काम आहे, असं म्हणून मित्राला खाली धाडणारा तोच होता. वहिनीलाही ते ठाऊक होतं. लाँचवर ती पाण्याकडे बघत बसायची आणि हा रांगडा गडी हमसून हमसून रडायचा. परतताना तीच त्याला डब्यातले चार घास बळेच खायला लावायची.

संध्याकाळी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने पाणी दिलं, ते त्याने तसंच खाली ठेवलं. आता बिंग फुटणारच होतं, मग दुसऱ्याच्या तोंडून कशाला? मान खाली घालून त्याने सगळं सांगून टाकलं. जागा खोटी होती, अकरा वर्षं आपण तिला फसवलं. ती दार लावून घेईल, अशी त्याला धास्ती होती. या घराखेरीज त्याला आपलं म्हणणारं जगात कोणी नव्हतं.

वहिनी भाजी निवडत होती. तिचे हात काही थांबले नाहीत.

"मला पहिल्याच वर्षी कळलं होतं," ती म्हणाली. "आमचे हे सांगायचे, त्यांच्या कामाच्या जागेवरून किनारा दिसतच नाही. आपण थांबायचो तिथून तर बंदरातल्या क्रेन मोजता यायच्या."

मुकादमाने मान वर केली. म्हणाला, "मग दरवर्षी येत कशाला होतात, वहिनी?"

"तुम्ही दुसरीकडे कुठे रडला असतात, भाऊजी?"