सरावाचं बाळ

हेमलता सिस्टरनं सरावाच्या रबरी बाळाच्या मांडीत, बाहेरच्या बाजूला, सुई अगदी सरळ टोचली. बाळानं तोंड वासलं, श्वास कोंडून धरला आणि मग असा टाहो फोडला, की तिनं दचकून सुई बाहेर ओढली.

हे तिच्या लेकीचं, मिठूचं रडणं होतं. गेल्या वर्षी लस टोचली तेव्हा मिठू अशीच, श्वास कोंडून रडली होती.

"सर, हा आवाज कुठून आणलात?"

"लसीकरण केंद्रांतून," प्रशिक्षक कुलथे म्हणाले. "खऱ्या बाळांचं रडणं टिपूनच या बाळातल्या यंत्राला शिकवलंय. त्याशिवाय तुम्हा नर्सेसचा हात कसा बसणार?"

"माझ्या लेकीचं रडणं उचललंत आणि मला विचारलंसुद्धा नाहीत?"

"अहो, तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा! सुई डब्यात टाका आणि बाळाला शांत करा. परीक्षेत त्याचेही गुण आहेत."

संतापानं तिचे कान तापले. तरी तिनं आधी सुई नीट डब्यात टाकली. बाळ ऊर फुटेस्तोवर रडत होतं. शेवटी न राहवून तिनं त्याला खांद्यावर घेतलं आणि कानाची पाळी हलकेच चोळत, मिठूसाठी स्वतः जुळवलेलं गाणं गुणगुणली. बाळ गप्प झालं.

"वा!" कुलथ्यांचे डोळे चमकले. "हेच आमच्याकडे नव्हतं. पुन्हा म्हणा, टिपून घेतो."

हेमलतानं ओठ मिटले. बाळानं पुन्हा टाहो फोडला. तिनं ते उचलून कुलथ्यांच्या हातात कोंबलं.

"रडणं तुम्ही चोरलंत ना? मग समजूतही तुम्हीच काढा."