बारावं स्थळ

“बारा म्हनता अन् अकराच दाखवता. एक दाबून ठेवलं तुम्ही, साहेब,” सिंधुबाई फोनवर म्हणाल्या. दिंडोरीच्या सायबर कॅफेत लेकीला शेजारी बसवून त्या तिच्यासाठी स्थळं बघत होत्या; पडद्यावर वर आकडा बाराचा, खाली नवरदेव अकरा. भाजीच्या जुड्या मोजून विकणारी बाई, नवरदेवही मोजून घेतले. आजवर कुणी मोजले नव्हते. चांगलं स्थळ साहेबांनी घरच्या पोरीसाठी राखलंय, असा त्यांचा वहीम.

या साहेबांच्या, म्हणजे समाधानच्या, घरात पोरगी सोडा, चहाचा दुसरा कपही नव्हता. नाशिक रोडला एका खोलीत तो लग्नं जुळवणारी वेबसाइट चालवायचा. तेव्हा इंटरनेट असं संथ, की फोटोतल्या नवरदेवाचं कपाळ उतरून मिशी दिसेस्तोवर पोरीच्या पत्रिका दुसरीकडं वाटून व्हायच्या. तरी लग्नं जमायची. स्वतःचं स्थळ त्यानं साइट सुरू झाल्यापासून टाकलेलं. एकीनंही विचारलं नाही. हल्ली तो आरशातही दाढीपुरतंच बघायचा.

सिंधुबाईंना थांबायला सांगून त्यानं चालू प्रोग्रामवर पहारा बसवला. प्रत्येक फंक्शननं, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्यानं, कामाला लागताना आपलं नाव पडद्यावर सांगायचं. ‘शोधा’ आलं. ‘मोजा’ आलं, बारा मोजून गेलं. मग ‘दाखवा’ आलं आणि त्यानं परस्पर चौथ्यालाच हाक मारली: ‘पहिला वगळा’.

हे समाधाननंच लिहिलेलं. साइट तपासायला त्यानं यादीत सगळ्यात वर गोटीराम नावाचा खोटा नवरदेव बनवला होता, मिशांसकट. तो लोकांना दिसू नये म्हणून ही तजवीज. पुढे गोटीरामला पुसून त्या पहिल्या जागेवर समाधान स्वतः जाऊन बसला, सगळ्यांच्या वर दिसावं म्हणून. वगळणं काढायचं राहिलं. मालकाच्या पडद्यावर सगळेच दिसायचे, त्याला कळणार कसं?

म्हणजे कुणी नाकारलंच नव्हतं. कुणी पाहिलंच नव्हतं. तो एकटाच हसला. मग हात थांबला. यापुढे एखादी नाही म्हणाली, तर ते खरंखुरं नाही असणार.

त्यानं ती ओळ खोडली.

पलीकडं सिंधुबाईंनी यादी पुन्हा उघडली. आधी कपाळ उतरलं, मग डोळे.

“दिसला,” सिंधुबाई म्हणाल्या. “पोरगी म्हनती, डोळे बरे हायेत. तुमच्या वळखीतला हाय का? कसा हाय?”

“फारशी ओळख नाही, मावशी,” समाधान म्हणाला. “पण कधीही या. घरीच असतो.”