कोरडी विभूती

काशम्मानं विभूतीच्या गोळ्यावर तीन बोटं घासली आणि पाण्याच्या वाटीकडे गेलेला हात मागे घेतला. नळीत पाण्याचा थेंब जाता कामा नये, असं सिस्टरनं बजावलं होतं. तेव्हा आज विभूती कोरडीच लावायची.

समोर खुर्चीत तिचे मालक, सिद्धप्पा. सत्तावीस दिवस आयसीयूत काढले, अठरा दिवस घरी, आणि गळ्याच्या मधोमध भोक पाडून बसवलेली ती नळी. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर, त्यामुळे आवाज बंद. हयातभर सोलापूरच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारलेला माणूस आता पाणीसुद्धा पाटीवर लिहून मागत होता. आज मात्र डॉक्टर नळीला टोपण लावून बघणार होते. नाकानं श्वास जमला, तर चार दिवसांत नळी बाहेर आणि आवाज परत. मग पाटीचं काय काम, म्हणून काशम्मानं ती सकाळीच दवाखान्याच्या पिशवीत तळाशी टाकली होती.

बाई तशी हुशार. शाळा चौथीपर्यंतच, पण सिस्टरनं एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा विचारणं नाही. मशीननं कफ ओढणं, आतली नळी काढून धुणं, गळ्याची पट्टी बदलणं, सगळं तिनं अंगवळणी पाडून घेतलं होतं. घरात उदबत्ती बंद, पावडरीचा डबा माळ्यावर. फोडणीसुद्धा ती मागच्या दारी शेगडीवर द्यायची. पण विभूती देवाची. तीही भुकटीच, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. जी जन्मल्यापासून कपाळाला लागली, तिची धास्ती कोण घेतं?

तिनं कपाळावर बोटं ओढली, दोन्ही दंडांवर ओढली. मग नेमाप्रमाणे ती गळ्याकडे वळली. पट्टी नुकतीच बदलली होती, नळीचं तोंड उघडं होतं.

सिद्धप्पांनी तिचं मनगट धरलं आणि मान हलवली.

तिला वाटलं, निघायची घाई. माणूस पहिल्यापासून उतावळा.

"सुम्म कूड्री," ती म्हणाली. "गप बसा की जरा. दीड महिना झाला, अंगाला विभूती न्हाय. आज चांगल्या कामाला निघालोय."

त्यांनी पाटीसाठी इकडेतिकडे पाहिलं. तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली, हात मांडीवर ठेवला आणि नळीच्या वर तीन पट्टे ओढले. राख भुरभुरली. पुढचा श्वास ती आत घेऊन गेला.

मुलगा अमरेश रिक्षा घेऊन आला, तोवर खोकून खोकून सिद्धप्पांचे ओठ निळे पडले होते आणि काशम्मा मशीन चालवत होती. एवढे दिवस न चुकलेला हात आता नीट चालेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी साफ केली. बराच वेळ लागला. बाहेर आले ते करड्या रंगाचे गोळे.

"टोपणाचं आता विसरा," डॉक्टर म्हणाले. "छाती भरलीय, ऑक्सिजन खाली आलाय. पुन्हा आयसीयूत न्यावं लागेल. किती दिवस, ते आज सांगता येणार नाही." मग त्यांची नजर गळ्यावरच्या पट्ट्यांकडे गेली. "ही राख कुणी लावली?"

काशम्माला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. एका सकाळच्या विभूतीसाठी तिनं पंचेचाळीस दिवस मातीत घातले होते.

सिद्धप्पांनी अमरेशला खूण केली. त्यानं पिशवी उपसून पाटी काढून दिली. पडल्या पडल्या त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: मीच हट्ट केला. ती नको म्हणत होती.

डॉक्टरांनी वाचलं आणि ते भडकले. "काका, नोकरी केलेली माणसं तुम्ही. ही बाई रात्रंदिवस तुमच्यासाठी राबते, आणि तुम्ही तिचं एवढंसुद्धा ऐकत नाही?"

सिद्धप्पा गुन्हेगारासारखे नजर झुकवून ऐकत राहिले. सिस्टरनं काशम्माच्या पाठीवर हात ठेवला.

"मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "तुमचा यात काही दोष नाही."

स्ट्रेचर हललं. काशम्मानं त्याचा दांडा धरून ते थांबवलं.

"ते खोटं लिवत्यात, सायेब," ती म्हणाली. "त्यांनी माजा हात धरला हुता. लई घट धरला हुता. मीच सोडवून घेतला."