धूळ पुसावी

“सात,” म्हातारा म्हणाला.

“सहा. ती निळ्या छत्रीवाली बुटाची नाडी बांधायला वाकली होती.”

“वाकली म्हणजे वाचलंच असणार. सात.”

दगडांच्या दालनात, कोपऱ्यातल्या काचपेटीसमोरच्या बाकावर नवरा-बायको दहा वाजल्यापासून बसून होते. वर्षातून एकदा, दोन गाड्या बदलून ती दोघं इथे येत. पेटीत दिव्याखाली मनशीळ या लाल खनिजाचा मुठीएवढा दगड होता आणि पाटीवर तो शोधणाऱ्याचं नाव. नाव त्यांच्या मुलाचं. पेटीसमोर किती जण थांबले याचा हिशेब म्हातारा चोख ठेवी. शाळेची सहल धरत नसे. त्यांना आणलेलं असतं. पेटीला पाठ करून स्वतःचे फोटो काढणारे दोघे मिळून एक.

संग्रहालयाच्या बाई आल्या. हातात किल्ली, एक ट्रे, काळं कापड आणि कागद.

“काका, अभिप्रायाच्या वहीत तुम्ही तीन वर्षं एकच वाक्य लिहिताय. धूळ पुसावी.”

“मग पुसा की. एवढी मोठी इमारत, एक फडकं मिळत नाही?”

“दोनदा पुसली.” बाईंनी हातमोजे चढवले, पेटी उघडली आणि दगड अलगद कलता केला. खालून पिवळी भुकटी सांडली. “ही धूळ नाही, काका. हा दगडच आहे. मनशीळ उजेडात अशी सुटत जाते. आणि वरचं पुसलं की आतलं उजेडात येतं.”

म्हातारा भुकटीकडे बघत राहिला. “गेल्या वर्षी एवढी नव्हती.”

“मी दगड घेतानाच सांगितलं होतं—”

“सांगितलं होतंत,” म्हातारी म्हणाली. “ऐकायचे कान घरी ठेवून आले होते हे.”

सांगितलं होतं खरं. दानपत्रातली अट त्याचीच, त्याच्याच हस्ताक्षरात: दगड दालनातच राहील, त्यावर दिवा कायम चालू राहील. ‘कपाटात ठेवायला आमच्या घरी कपाट नव्हतं का?’ असं वर विचारून त्याने सही ठोकली होती, आणि बाईंना आपण कसं गप्प केलं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवलं होतं.

“अट बदलायला तुमची सही लागेल,” बाईंनी कागद पुढे केला. “तळघरात खण आहे. कोरडा, अंधारा. उरली आहे तेवढी टिकेल.”

“आणि पाटी?”

“तीही खणात. दगडाबरोबर.”

“म्हणजे कुणी बघणार नाही.”

“अभ्यासकांनी मागितला तर काढून दाखवतो.”

“वर्षाला किती जण मागतात?”

बाई कागदाची कड सरळ करू लागल्या. म्हाताऱ्याने ते शून्य धरलं.

“काल बघितलंत ना?” म्हातारी हळूच म्हणाली.

काल दोघं दगड जमवणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरांच्या घरी जाऊन आली होती. मुलाने हा दगड मधोमध फोडून अर्धा त्यांना दिला होता. डॉक्टरांनी आधी पडदे ओढले, मग खण उघडला, दहा आकडे मोजले आणि बंद केला. दहा आकड्यांत जे दिसलं ते लालभडक, ओलं वाटावं इतकं लाल. ‘चिकट माणूस,’ म्हातारा जिना उतरताना म्हणाला होता, ‘स्वतःलासुद्धा दाखवत नसेल.’ बसमध्ये मात्र तो बोटांवर पुन्हा पुन्हा दहापर्यंत मोजत होता.

“तस्साच होता आपला,” म्हातारी म्हणाली. “करा सही.”

“अंधारात नको.”

“अहो—”

“खाणीचं छत कोसळल्यावर तीन दिवस पोरगा खाली होता. टोपीवरचा दिवा किती चालतो, मी विचारून आलोय. नऊ तास. पुढचा हिशेब तू कर.”

बाई काचेच्या दाराची किल्ली उगाच फिरवत राहिल्या. पुढचा हिशेब म्हातारीने पाच वर्षं रोज केला होता. तिने पर्स उघडली, चष्मा काढला, त्याच्या हातात दिला.

“त्याला उजेड हवा होता,” ती म्हणाली. “ह्याला नको आहे. दोघांत घोळ नका घालू.”

म्हाताऱ्याने चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वरून सुरू केला, तेव्हा म्हातारीने पेनाचं टोपण काढून पेन बोटांत दिलं. त्याची सही झोकदार वळणाची होती. आज त्याने नुसतं नाव लिहिलं.

बाईंनी दगड ट्रेमध्ये ठेवला. शेजारी पाटी ठेवली. कापड उलगडलं.

“मी घालतो,” म्हातारा उठून उभा राहिला.

“दगडाला हात नका लावू हं, काका. विषारी असतो.”

“कापड तर विषारी नाही ना?”

त्याने कापड पसरलं. दोन्ही बाजू नीट आत खोचल्या, पायथ्याची कड दाबून घेतली. वरचा कोपरा मात्र दुमडून मागे टाकला. तिथे नखाएवढी लाल जागा उघडी राहिली.

बाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “काका, तो कोपरासुद्धा…”

“घालायचाय. माहीत आहे मला.” तो ट्रेपासून दोन पावलं मागे सरला. “खाली गेल्यावर तुम्ही घाला. माझ्यासमोर नको.”