समोरच्या कड्याचं अंतर

पठाराच्या टोकाला एक कॅमेरा, एक तिपाई, एक स्टॉपवॉच आणि दोन माणसं होती: सांगलीची शालन आणि तिचे पेन्शनर हवालदार मामा. दरीपलीकडे एकच कडा. १९७४च्या श्रावणात ऊन नि धुकं आलटून पालटून येत होतं.

फोटोखाली अंतर लिहायचं म्हणून शालननं उन्हात हाक दिली. प्रतिध्वनी सव्वाचार सेकंदांनी आला.

मग कडा धुक्यात बुडाला. तिनं पुन्हा हाक दिली. अडीच सेकंद.

मामा दचकले. "धुक्यात वरडू नगं, पोरी. धनगरसुदिक नुसती काठी आपटत्यात. आवाजाच्या वाटंनं ते जवळ येतं."

"चीनच्या लढाईतनं आलासा, आन आवाजाला भिता व्हय?"

तिसऱ्या हाकेला एक सेकंद. तिनं स्टॉपवॉच मामांच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर चालत होतं.

"शालन, गप खाली चल. गप ऱ्हायलं की त्याला वाट गावत न्हाई."

"कडा हलत नसतो, मामा. हलत असंल तर बघूच की!"

धुक्याकडं तोंड करून ती ओरडली, "ये!"

हाकेला एकदा, उत्तराला एकदा, असा तिनं स्टॉपवॉचचा खटका दोनदा दाबला.

काटा शून्यावर होता.