सात करडे कोट

“ताई, हा ससाण्याचा कोट ना?”

ताईच्या हातातली कात्री होती तिथेच थांबली. दारात तिचा धाकटा भाऊ उभा होता आणि शिवणाच्या टेबलावर करडा कोट पालथा पसरलेला होता.

दुसऱ्या कुणीही पाहिला असता तरी चाललं असतं हो, पण यानं? याच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून तर शाळेपासून त्याचं नाव भोंगा. पोटापुरता तो टपाल कचेरीत खिडकीवर बसायचा, बाकी सगळा जीव ससाण्यावर. ससाणा म्हणजे सिनेमातला गुप्तहेर. सहा सिनेमे झाले होते, सातवा महिन्याभरात लागणार होता. भोंग्याच्या चाहतामंडळातली चाळीस हजार माणसं त्याच्या शेवटावरून रोज एकमेकांच्या उरावर बसत होती.

“कुणाचा का असेना. चहा पी आणि पळ.”

ऐकतोय होय! तो खुंट्यांवरचे कोट मोजत सुटला. “पाच, सहा, आणि हा सातवा. सगळे एकसारखे?” त्यानं पालथ्या कोटाच्या पाठीवर बोट ठेवलं, मग कड उलटून आत पाहिलं. डाव्या बाजूला कापड आतून घासून पातळ केलेलं होतं आणि अस्तरात छोटा खिसा होता. भोंग्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“इथे रक्ताची पिशवी बसते. गोळी लागली की फुटते. दर वेळी एक कोट वाया, म्हणून सात.” तो स्टुलावर बसला. “ताई, ससाणा मरतो.”

ताईनं आधी दार लावून घेतलं.

आठ दिवसांपूर्वी सिनेमा कंपनीचे साहेब स्वतः आले होते. तिच्या दोन मशीनच्या दुकानात! “एवढ्या उशिरा कोट?” तिनं विचारलंही. “शेवट पुन्हा चित्रित करतोय,” म्हणत त्यांनी कोटाचं चित्र टेबलावर पसरलं. वर ठळक अक्षरांत ‘शेवटचा प्रसंग’. मग चहा घेतला, घरच्यांची चौकशी केली. भाऊ चाहतामंडळ चालवतो आणि लोक त्याला भोंगा म्हणतात, हे तिनं लपवलं नाही. काम गेलंच म्हणून ती बसली होती. पण साहेब नुसते हसले आणि गुप्ततेचा कागद पुढे केला.

“सुरकुत्या पडतील, कोट बाहेरच टांगा,” ते जाताना म्हणाले. “आणि काम आमच्या मनासारखं झालं, तर आठव्या सिनेमाचे सगळे कपडे तुमच्याकडे.”

नाहीतर महिनाअखेरीला दुकानाला टाळं आणि पुन्हा कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर कॉलर जोडणं. तिथली बारा वर्षं आठवली तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

“भोंग्या, माझ्या गळ्याची शपथ घे.”

“अगं, चाळीस हजार माणसं वाट बघतायत! ससाणा मरतोय आणि मी मूग गिळून बसू?”

“आणि माझं दुकान मरतंय, ते दिसत नाही तुला?”

भोंगा त्या दोन मशीनकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला, तिच्या बटणांच्या डब्यात टाकला आणि स्वतःच झाकण दाबलं. “मी मागितला तरी देऊ नकोस.”

कोट आता आत कपाटात गेले. पुढचे दहा दिवस रोज सकाळी साहेबांचा फोन.

“काही बाहेर गेलं?”

“नाही साहेब.”

“भावाला काही दिसलं?”

“छे हो!” ती धडधडीत खोटं बोलायची. साहेब मग “बरं” म्हणायचे, तेही पडेल आवाजात. यांना संशय आलाय, या विचारानं ती दिवसभर सुई बोटात टोचून घ्यायची.

तिकडे मंडळानं भोंग्याला अध्यक्षपदावरून काढलं. याला काही माहीतच नसतं म्हणे! टपालाच्या खिडकीवर लोक चिडवायचे, तर हा दात आवळून शिक्के मारायचा. सहाव्या दिवशी तो तरातरा आला आणि त्यानं थेट बटणांच्या डब्यात हात घातला. त्यानं एक पांढरं बटण काढलं, सदऱ्याला लावलं आणि न बोलता निघून गेला.

कोट वेळेत गेले. दोन दिवसांनी सकाळीच भोंगा धापा टाकत आला. “शेवट फुटला!”

ताईच्या पायाखालची जमीनच सरकली.

“तसं नाही गं! ससाणा मरत नाही. तो पहिल्यापासून शत्रूचाच माणूस असतो. फोटोसकट आलंय, कंपनीतूनच कुणीतरी फोडलंय. तुझा काही संबंध नाही!”

तिला रडूच कोसळलं. “वाचवलंस रे बाबा,” म्हणत तिनं त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. ज्याच्या तोंडाला आयुष्यभर नावं ठेवली, त्यानं तिच्यासाठी तेच तोंड शिवून घेतलं होतं.

दुपारी साहेबांची गाडी आली. ताई मोठ्या दिमाखात सामोरी गेली.

“साहेब, आमच्याकडून एक अक्षर बाहेर गेलं नाही. आता खरं सांगते, भावाला सगळं कळलं होतं. पण पठ्ठ्यानं ब्र काढला नाही!”

साहेबांनी कोटांचं गाठोडं टेबलावर ठेवलं. वर तिनंच मारलेली गाठ होती, सोडलेलीही नव्हती.

“तेच तर झालं,” ते म्हणाले. “ससाणा मरतो अशी बोंब आधी उठली असती, तर आज खऱ्या शेवटावर कुणी विश्वास ठेवला नसता.”

ताई गाठीकडे बघत राहिली. “मग कोट मला का शिवायला दिलेत?”

साहेब दारापर्यंत जाऊन थांबले.

“तुमच्याहून चांगले शिवणारे चार जण होते, बाई. भोंगा फक्त तुमच्या घरात होता.”