सहावा रणगाडा

"रंग द्यायचा राहिला की काय?" शेखर सरांनी विचारलं. बाकीचे चौघे हसले.

सायमाच्या हातातला रणगाडा नुसता पिवळा होता. वीतभर लांबीची, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याची हुबेहूब प्रतिकृती. साखळीची एकेक कडी तिने चिमट्याने जोडली होती. पण अंगावर एक पट्टा नाही, एक ठिपका नाही. बाकीचे पाच रणगाडे हिरव्या-तांबड्या पट्ट्यांनी सजून सतरंजीवर उभे होते.

मुठा गावाच्या वरच्या उतारावर पांढरी दोरी ताणली होती. दोरीपलीकडे सहाही रणगाडे मांडायचे. अंगावर पाला घालायचा नाही, खड्ड्यात दडवायचं नाही. लपवायचं काम रंगानेच करायचं. मग तिथल्याच लिलाबाईने दोरीच्या अलीकडून शोधायचं. वेळ पंधरा मिनिटं. ज्याचा रणगाडा शेवटपर्यंत सापडणार नाही, त्याचा बेंगळुरूच्या प्रदर्शनाला जाणार.

प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या या मंडळात येऊन सायमाला वर्ष झालं होतं. वर्षभरात तिचं एकही काम मुख्य टेबलावर लागलं नव्हतं. दर वेळी काहीतरी निघायचं. कधी छटा चुकली, कधी पट्टा पुस्तकात नाही. तिचे अब्बा हाफीज पौडला ट्रकच्या फळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवत. आज बाजाराचा दिवस असून ते दुकान बंद ठेवून तिला घेऊन आले होते.

"रंग इथंच देणार आहे," सायमा म्हणाली. तिने पिशवीतून दोन डब्या काढल्या. एकीत हिरवा, एकीत तांबडा.

"अगं, इथं? आम्ही तीन महिने पुस्तकं चाळली," सर म्हणाले. ते पुण्याजवळच्या सूसचे. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. मंडळ त्यांनीच काढलं होतं. "भाद्रपदात येऊन ही जागासुद्धा पाहून गेलो. फोटो काढले, रंग जुळवले. नियम माहीत आहे ना? खऱ्या लढाईत वापरलेलीच रंगपद्धत हवी."

"तीच आहे, सर. त्रेचाळीस सालापासून गाडी कारखान्यातून पिवळीच निघायची. हिरवा आणि तांबडा डब्यातून सोबत द्यायचे. शिपाई जिथं लढायला जायचे, तिथं उभं राहून समोरचं रान बघायचे आणि हातानं रंग द्यायचे."

सरांनी मान हलवली. हे त्यांनीही वाचलं होतं.

सायमा उताराकडे तोंड करून बसली. दिवाळी होऊन गेली होती. गवत पिकून सोनेरी झालं होतं. मधूनमधून तांबडी माती उघडी पडली होती. हिरवं म्हणावं तर करवंदीच्या चारदोन जाळ्या. तिने तांबड्यात पाणी घातलं. मातीसारखे वेडेवाकडे डाग दिले. हिरवा अगदी थोडा, तोही तोफेच्या नळीवर आणि कडांवर, म्हणजे गाडीची सरळ रेघ मोडेल.

"हात हलका ठेव, बेटा," हाफीज मागून म्हणाले. "ट्रकवाल्याला लांबून दिसायचं असतं. तुला उलटं पाहिजे."

दहा मिनिटांत उन्हाने रंग सुकला.

लिलाबाई पाठ करून बसली होती. ती वरच्या वाडीची. पावसाळ्यात अळंबी आणि खेकडे आणून भूगावच्या रस्त्याला विकायची. पाल्याखालची अळंबीही तिच्या नजरेतून सुटत नसे. सहाही रणगाडे मांडून झाले. ते दोरीवरून दिसतात, याची सगळ्यांनी फिरून खात्री केली. मग तिला हाक मारली.

लिलाबाई उठली, वळली आणि जागेवरूनच काठी रोखली. "त्यो एक. त्यो दुसरा. दगडाजवळ तिसरा."

"मावशी, जरा चालून तरी बघा!" कुणीतरी ओरडलं.

"चालायचं कशाला? वाळल्या गवतात हिरवं बेडूक बसल्यावानी दिसत्यात."

चौथा दोरीच्या टोकाला सापडला. पाचवा शेखर सरांचा होता. सगळ्यात सुबक, पट्ट्यांमध्ये बारीक ठिपक्यांचा. "ह्यो लई नटलाय," म्हणत लिलाबाईने तोही दाखवला. चार मिनिटं झाली होती. सरांनी भाद्रपदातला फोटो मोबाईलवर उघडला. सगळा उतार हिरवागार. त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

लिलाबाई दोरीच्या कडेने चालू लागली. एकदा गेली, परत आली. खाली बसून पाहिलं, कपाळावर हात धरून पाहिलं. आठ मिनिटं. दहा. सायमाने अब्बांची बाही घट्ट धरली होती. लिलाबाई काठी टेकत मधोमध थांबली. तिथंच उभी राहिली. आता काठी उचलणार, असं सायमाला वाटलं. पण ती पुढे गेली.

शिट्टी वाजली.

"हरले, सायेब," लिलाबाई म्हणाली. "न्हाई गावत. हाय तरी का तितं?"

सायमा धावत दोरीच्या मधोमध गेली आणि बोट दाखवलं. लिलाबाई मघाशी जिथं थांबली होती, तिथून रणगाडा हातभर लांब उभा होता. उघड्यावर, भर उन्हात. सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या. हाफीजनी तोंडात दोन बोटं घालून अशी शीळ घातली की खालच्या वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. शेखर सरांनी प्रदर्शनाचा अर्ज काढला. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव आधीच लिहिलेलं होतं. ते त्यांनी सगळ्यांसमोर खोडलं आणि सायमा हाफीज असं ठळक लिहिलं.

लिलाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती रणगाड्यासमोर उकिडवी बसली होती. डोळे बारीक करून बघत होती, मान मागे घेऊन बघत होती. मग ती उठली आणि तिने सायमाचं मनगट धरलं.

"पोरी, उद्या ते डबं घिऊन वाडीवर ये. माझी कोंबडीची पिल्लं पांढरीफेक हायेत, घार रोज एक उचलतीया. तेवढी रंगवून दे."